जब्या, चैत्या आणि आपल्या गल्लीतली पोरं

'फँड्री'त गावच्या जत्रेचा एक प्रसंग आहे. जब्या ठेवणीतले कपडे घालून जत्रेला आलाय. त्याला आवडणारी शालू आपल्याकडे बघतेय, निदान बघत असावी, असं त्याला वाटतंय. तो गर्दीत शिरतो आणि भान हरपून नाचतो. तेवढ्यात बाप, कचरू माने, त्याला गर्दीतून ओढून बाहेर काढतो आणि गॅसबत्ती त्याच्या डोक्यावर देतो. आता नाचायचं दुसऱ्यांनी, यानं उजेड धरून उभं राहायचं. ज्या गर्दीत तो क्षणभर सगळ्यांसारखा झाला होता, तिथंच तो पुन्हा मान्यांचा पोरगा होतो.

ह्या जागी जब्याला मोठं वाक्य दिलेलं नाही. मोठा नट असता तर त्यानं डोळ्यांत पाणी आणलं असतं, ओठ थरथरवले असते, आणि आपणही टाळ्या वाजवल्या असत्या. सोमनाथ अवघडे ह्या मुलानं यातलं काही केलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद नुसता मालवला. बत्ती डोक्यावर, चेहरा अंधारात. मी हा सिनेमा पुन्हा पाहतो तेव्हा जब्या शेवटी भिरकावतो तो सगळ्यांच्या आवडीचा दगड येण्याआधी इथंच अडकतो.

सोमनाथ करमाळा तालुक्यातल्या केम गावचा. 'पिस्तुल्या' ह्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर 'फँड्री'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे त्या भागात गेले होते. तिथं एक मुलगा हलगी वाजवताना दिसला. सिनेमात काम करतोस का म्हणून विचारलं, तर पोरगं चक्क पळालं. हा किस्सा मंजुळ्यांनी पुढे बऱ्याचदा सांगितला. मुलाला राजी करायला वेळ लागला, घरच्यांनाही लागला. मग १४ फेब्रुवारी २०१४ ला 'फँड्री' महाराष्ट्रात लागला आणि ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सोमनाथला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा मान मिळाला, 'थंगा मीनकळ' ह्या तमिळ सिनेमातल्या साधना ह्या मुलीबरोबर विभागून.

मला त्या पळून जाण्यात जास्त रस आहे. आमच्या नांदेड-लातूरकडं 'सिनेमात घेतो' म्हटल्यावर पळणारं पोर आता शोधून सापडायचं नाही. आईबाप मात्र दोन प्रकारचे सापडतील. एक, पोराचा फोटो मोबाइलवर तयार ठेवून कुणाला पाठवू म्हणून विचारणारे. दुसरे, 'आधी नीटची परीक्षा काढू द्या, मग बघू' म्हणणारे. मधला प्रकार विरळा.

आता कुणी म्हणेल, नांदेड-लातूरचा आणि बालनटांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो पडद्यावर नाही, रंगमंचावर आहे. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा ह्या भागातल्या केंद्रांवर होते तेव्हा नांदेडच्या कुसुम सभागृहाच्या किंवा शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहाच्या विंगेत जाऊन उभं राहावं. लातूरला दगडोजीराव देशमुख सभागृहात जावं. एका बाजूला मिशा चिकटवून घेणारा सातवीतला म्हातारा, दुसरीकडं घागऱ्याची नाडी सुटली म्हणून रडकुंडीला आलेली परी, आणि मधोमध घामाघूम झालेले त्यांचे सर. ते सर बहुधा मराठी किंवा चित्रकलेचे शिक्षक असतात. शाळा सुटल्यावर तालमी घेतात, नेपथ्याचे पुठ्ठे स्वतः रंगवतात, मुलांच्या वड्या-बिस्किटांचा खर्च खिशातून करतात. ज्या नांदेडात दत्ता भगतांसारख्या नाटककारानं 'वाटा पळवाटा' लिहिलं, तिथं नाटकाची रग मुरलेली आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित आणि प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे, लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयातून नाटक-संगीताची पोरं निघतात. म्हणजे जमीन पडीक नाही.

पण ह्या जमिनीत जे पेरलं जातं ते सिनेमाला चालत नाही, ही गोष्ट आमच्या शिक्षक मंडळींनी मनावर घ्यायला हवी. बालनाट्यात मुलाला पहिला धडा दिला जातो तो तोंड प्रेक्षकांकडं ठेवण्याचा. दुसरा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलण्याचा. तिसरा, हातवाऱ्यांचा. दुःख झालं की छातीवर हात, आठवलं की कपाळावर बोट. स्पर्धेच्या परीक्षकांना ते आवडतं, पदक मिळतं, आणि कॅमेऱ्यापुढं तेच मूल दोन मिनिटांत खोटं दिसायला लागतं. लेन्स दोन हातांवर असते. तिला शेवटची रांग नसते. म्हणून तर गेल्या वीस वर्षांत मराठी सिनेमाच्या दिग्दर्शकांनी अवघड भूमिकांसाठी स्पर्धेतली पदकविजेती मुलं टाळून कधी रंगमंच न पाहिलेली पोरं शोधली. यात नाटकाचा अपमान नाही. सुधा करमरकरांनी आणि रत्नाकर मतकरींनी साठच्या आसपास मराठी बालरंगभूमी उभी केली तेव्हा ती मुलांना खुलवण्यासाठी होती, पदकांसाठी नव्हती. आपण तिची स्पर्धा करून टाकली.

भाषेचंही तसंच. आमच्याकडचं पोर घरी 'कुठं जायलास?' म्हणतं, 'काय करायलाय?' म्हणतं, आणि स्टेजवर चढलं की एकदम सदाशिव पेठेत शिरतं. 'नाळ'मधल्या चैत्यानं विदर्भातली आपली बोली सोडली नाही, तरी साऱ्या महाराष्ट्राला तो कळला. लातूरच्या पोराला लातूरच्या बोलीत रडू दिलं तर काय बिघडेल, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

शेजारच्या बार्शीकडं पाहावं. लातूरहून दोन-अडीच तासांची वाट. कधीकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी ही दोन गावं जोडत होती. ह्याच बार्शी परिसरातून अमर देवकरांचा 'म्होरक्या' निघाला. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात म्होरक्या व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या मेंढपाळ मुलाची गोष्ट. ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातल्या यशराज कऱ्हाडेला विशेष उल्लेख मिळाला. दोनच वर्षांनी, ६७ व्या पुरस्कारांत, विनोद कांबळेंच्या 'कस्तुरी'नं तोच बालचित्रपटाचा पुरस्कार घेतला. सफाईच्या आणि शवविच्छेदनाच्या कामाला जुंपलेला एक शाळकरी मुलगा अंगाचा वास जावा म्हणून कस्तुरीच्या शोधात निघतो. ती भूमिका समर्थ सोनवणे ह्या मुलानं केली. त्यात शिरताना मोठ्यांच्याही पोटात कालवेल. एका तालुक्याच्या गावानं हे दोनदा केलं. लातूर-नांदेडनं त्याचा थोडा हेवा करायला हरकत नाही.

लातूरचा पैसा मुलांच्या सिनेमात लागलाच नाही असं नाही. बाभळगावच्या रितेश देशमुखांच्या संस्थेनं निर्मितीत पाऊल टाकलं ते रवी जाधवांच्या 'बालक-पालक'नं, २०१३ साली. वयात येणाऱ्या मुलांचं कुतूहल हा विषय तेव्हा धाडसाचाच होता आणि ती पोरं झकास निवडली होती. फक्त चाळ मुंबईची होती.

मराठी सिनेमाला मुलाच्या खांद्यावर सबंध गोष्ट टाकायची सवय जुनी आहे. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'त १९५३ साली श्याम झालेले माधव वझे तेव्हा शाळकरी मुलगा होते. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वझे पुढं नट म्हणून धावत सुटले नाहीत. इंग्रजी शिकवलं, नाटकं बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली, आणि मे २०२५ मध्ये गेले तेव्हाही बातम्यांत पहिला शब्द 'श्याम' होता. शाळकरी वयात केलेलं एक काम माणसाला बहात्तर वर्षं पुरलं. ते त्याला हवं होतं का, हा प्रश्न आपण विचारत नाही.

त्यानंतर मराठी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागली, आणि तेही एका मुलाच्या गोष्टीलाच. संदीप सावंतांचा 'श्वास', २००४. कोकणातल्या परशुरामला डोळ्यांचा कर्करोग झालाय, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतात, जग दाखवायला. अरुण नलावडे आजोबा होते, परशुराम अश्विन चितळे. आता ह्या भूमिकेतली अडचण लक्षात घ्या. मुलाला अंधत्वाची नक्कल करायची नाही. दिसणं हळूहळू कमी होतंय, मोठी माणसं काहीतरी लपवतायत, आणि ते नेमकं काय हे कळत नाही म्हणून चिडायचं आहे. अश्विनची ती चिडचिडच खरी वाटते. गोड मूल असतं तर सिनेमा पडला असता. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार अश्विनला मिळाला, आणि 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला.

मंगेश हाडवळेंच्या 'टिंग्या'त (२००८) शरद गोयेकर आहे, जुन्नरच्या मातीतलाच. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून बैल अधू होतो. बाप कर्जबाजारी, बैल खाटकाला द्यायचं ठरतं. शेजारची म्हातारी आजारी आहे, तिच्यावर मात्र उपचार चाललेत. मग माझ्या बैलानं काय केलं, हा टिंग्याचा हट्ट. शेतकरी आत्महत्यांवर त्या काळात शेकडो अग्रलेख निघाले. त्यातले मला फारसे आठवत नाहीत. टिंग्याचा हट्ट आठवतो. मराठवाड्यात दुष्काळाच्या साली जनावरांच्या बाजारात दावं न सोडणारी पोरं पाहिली असतील त्यांना ह्याचं कारण सांगायला नको.

मूल असं काम कसं करतं, हा खरा कुतूहलाचा भाग. आणि याचं उत्तर बहुतेक वेळा मुलाकडं नसतं, दिग्दर्शकाकडं असतं.

सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी अपू शोधायला बरीच वणवण केली. शेवटी शेजारीच खेळणारा सुबीर बॅनर्जी त्यांच्या पत्नीला, विजयाबाईंना, दिसला. काशफुलांच्या रानात अपू बहिणीला शोधत चालतो तो प्रसंग घेताना मुलगा सरळ कवायत केल्यासारखा चालायला लागला. रायांनी मग वाटेत काटक्या टाकल्या, गवताआड माणसं लपवून त्यांना मधूनमधून हाक मारायला सांगितलं. मुलगा थबकला, वळला, काटकी ओलांडली, आणि जगाला अपू मिळाला. 'शोधतोयस असा अभिनय कर' हे वाक्य त्यांनी वापरलंच नाही. सुबीरनं पुढं सिनेमात काम केलं नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू. व्हित्तोरिओ दे सिकाच्या 'बायसिकल थीव्ज'मधला छोटा ब्रुनो रडत नव्हता, तेव्हा दिग्दर्शकानं त्याच्या खिशात सिगारेटची थोटकं ठेवून चारचौघांत त्याला चिडवलं आणि तो खरंच रडला, असं सांगितलं जातं. गोष्ट खरी की सिनेमावाल्यांच्या गप्पांतली, ते सोडा. ती इतक्या कौतुकानं सांगितली जाते ह्याचं मला वाईट वाटतं. आमच्याकडच्या तालमींतही हाच प्रकार चालतो. 'तुझी आई मेली असं समज' म्हणणारे सर मी पाहिलेत. मूल समजतं, रडतं, पदक मिळतं. रात्री ते आईला बिलगून झोपतं तेव्हा सर तिथं नसतात.

जपानच्या कोरे-एदाची रीत मला सगळ्यांत शहाणी वाटते. तो मुलांच्या हाती संहिता देत नाही. टेकच्या आधी कानात वाक्य सांगतो, मुलं ते आपल्या शब्दांत बोलतात. आईनं टाकून दिलेल्या चार भावंडांवरच्या त्याच्या 'नोबडी नोज'चं चित्रीकरण ऋतू बदलत गेले तसं थांबून-थांबून झालं. मुलं खरोखर वाढली, केस वाढले, कपडे आखूड झाले. त्यातल्या थोरल्या भावाच्या भूमिकेसाठी युया यागिरा ह्या चौदा वर्षांच्या मुलाला २००४ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. बालकलाकाराचा नव्हे, अभिनेत्याचा.

मराठी निर्मात्याला एवढी चैन परवडत नाही. तीस-चाळीस दिवसांत सिनेमा उरकायचा असतो, म्हणून मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी पकडली जाते. आमच्याकडं मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं, आणि त्या उन्हात अनवाणी धावायचा प्रसंग नेमका मुलाच्याच वाट्याला. मग अशा अडचणी उपटतात की ज्यांचा विचार पटकथा लिहिताना कुणी केलेला नसतो. सात वर्षांच्या मुलाचा पुढचा दात शूटिंगच्या मध्यावर पडतो. सकाळच्या प्रसंगात दात, त्याच दिवसाच्या संध्याकाळच्या प्रसंगात खिंडार. कंटिन्युइटी सांभाळणारा डोक्याला हात लावतो. तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज डबिंगच्या तारखेपर्यंत फुटतो. दोन महिन्यांनी पॅचवर्कसाठी बोलवावं तर पोर चार बोटं उंच झालेलं. मोठ्या नटाचं वजन वाढलं तर त्याला ओरडता येतं, मुलाच्या उंचीला कोण ओरडणार?

हे सगळं निभावून जेव्हा एखादी भूमिका उभी राहते तेव्हा ती 'नाळ'मधल्या चैत्यासारखी होते. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे आंध्रचे, 'सैराट'चे छायालेखक. मुलगा श्रीनिवास पोकळे, अमरावतीचा. नदीकाठच्या गावात हुंदडणाऱ्या चैत्याला पाहुणा आलेला मामा सहज बोलून जातो की ही तुझी खरी आई नाही. बस, एवढंच. पुढं सिनेमाभर तो मुलगा आईकडं नव्या नजरेनं बघत राहतो. जेवायला वाढताना बघतो, रागावताना बघतो. कधी मुद्दाम त्रास देतो, कधी लाडात येतो, आणि प्रत्येक वेळी पडताळून पाहतो. आईच्या भूमिकेत देविका दफ्तरदार आहेत. त्या अनुभवी अभिनेत्रीसमोर हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा संशय नावाची गोष्ट खेळवतो, आणि तीही बिनबोभाट. शोक दाखवता येतो, राग दाखवता येतो. संशय दाखवायला मोठ्यांनाही जड जातो. त्याला ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला तो योग्यच.

गंमत पुढं आहे. पाच वर्षांनी, १० नोव्हेंबर २०२३ ला 'नाळ २' आला. चैत्या तोच, श्रीनिवास तोच, मिसरूड फुटायच्या वयाचा. आता तो जन्मदात्या आईच्या गावी जातो आणि सख्ख्या भावंडांना भेटतो. चिमी झालेली त्रिशा ठोसर आणि मणी झालेला भार्गव जगताप ह्या दोघांबरोबर श्रीनिवासला पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २३ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून पदक घ्यायला इवलीशी त्रिशा साडी नेसून गेली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, पुढं पाठवला असेल. त्याच वर्षी 'जिप्सी'साठी कबीर खंदारेलाही बालकलाकाराचा मान होता. म्हणजे एका वर्षी पाच बालकलाकार निवडले, त्यातले चार मराठी सिनेमातले. त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया मात्र मी वाचल्या आणि थोडा दचकलो. दहांतले नऊ जण 'किती गोड' म्हणत होते. तिनं पडद्यावर काय केलं हे लिहिणारा एखादाच. मुलाचं काम आपण काम म्हणून बघतच नाही.

आता पुन्हा आमच्या दोन गावांकडं येतो. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून अभ्यासाचा 'लातूर पॅटर्न' उभा राहिला. त्याच्या शिल्पकारांतले डॉ. जनार्दन वाघमारे १९९४ साली नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या पॅटर्ननं खेड्यातल्या हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, हे उपकार कुणी नाकारू नयेत. पण आज तो पॅटर्न आठवीत उतरलाय, 'फाउंडेशन बॅच' म्हणून. दोन्ही शहरांत शिकवण्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत, वसतिगृहं आहेत, पहाटेपासून रात्रीपर्यंतची वेळापत्रकं आहेत. अशा गावात बारा वर्षांच्या मुलाला 'चाळीस दिवस शूटिंगला पाठवा' म्हणणं म्हणजे घरात भांडण लावून देणं. आणि ह्यातला विरोधाभास असा की सिनेमावाल्याला मुलाचे किती तास घेता येतात ह्यावर कायद्याचं बंधन आहे, शिकवणीवाल्याला ते बंधन कुणी दाखवत नाही.

कायद्याचं हे प्रकरण पालकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली. बालकलाकार हा त्यातला एक अपवाद, सर्कस सोडून. मात्र २०१७ च्या नियमांनी त्या अपवादाला कुंपण घातलं. निर्मात्यानं जिथं चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. औश्याच्या किल्ल्यात शूटिंग असेल तर लातूरच्या, कंधारच्या किल्ल्यात असेल तर नांदेडच्या. परवानगी सहा महिन्यांपुरती. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती दिलीच पाहिजे. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडणार नाही अशी सोय करायची. दर पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या इच्छेविरुद्ध काहीही करवून घ्यायचं नाही. आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती पडेल असा. बाकीच्या कमाईचं काय, ह्यावर नियम गप्प आहेत. ती जागा मला पटत नाही.

अशा ठेवीच्या कल्पनेमागं एक जुनी कहाणी आहे. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधला (१९२१) जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्यानं लहानपणी कमावलेलं सगळं घरच्यांनी उडवलेलं होतं. तो कोर्टाची पायरी चढला, हाती फारसं काही आलं नाही. पण कॅलिफोर्नियानं १९३९ साली मुलाच्या कमाईचा हिस्सा राखून ठेवण्याचा कायदा केला, त्याच्याच नावानं ओळखला जाणारा. आपल्याकडं पैशापेक्षा उपेक्षेची उदाहरणं जास्त. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे'तल्या शफिक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं त्यानं बंगळुरूत रिक्षा चालवली. रिक्षा चालवणं कमीपणाचं नाही. पण पुरस्कार आणि रिक्षा ह्यांच्या मधल्या काळात त्याला कुणी काय शिकवलं, कुणी विचारपूस केली, हा हिशेब लागत नाही. त्याच सिनेमातून रस्त्यावरच्या मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला, हेही तितकंच खरं.

सोमनाथनं नंतर 'फ्री हिट दणका'सारख्या सिनेमात काम केलं, पण लोक त्याला अजून जब्याच म्हणतात. हे ओझं आहे की भांडवल, ते त्यानं ठरवायचं. गावानं मात्र एक करावं. पोराचं काम पडद्यावर आलं की फ्लेक्स लावायचा, फेटा बांधायचा, हार घालायचा, आणि सोमवारी वर्गात त्याला भूमिकेच्या नावानं चिडवायचं, हा शिरस्ता मोडावा. 'फँड्री'चा विषयही असं चिडवणंच होता.

नांदेड-लातूरच्या पालकांनी सावध राहावं असा आणखी एक मुद्दा आहे. 'मराठी चित्रपटासाठी बालकलाकार हवेत' असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. खाली नोंदणीची रक्कम, पोर्टफोलिओचा खर्च, 'निवड नक्की' असं आश्वासन. एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये दोन-तीनशे आईबाप मुलांना नटवून रांगेत उभे करतात, आणि महिन्याभरानं तो नंबर बंद लागतो. ओळखीतली एक आई पोराला घेऊन लातूर-मुंबई गाडीनं रात्रभर बसून ऑडिशनला गेली. तिथं पहिल्यांदा पैशांची पावती फाडली, मग कॅमेरा दाखवला. 'टिंग्या', 'फँड्री', 'नाळ', ह्यांतल्या मुलांना दिग्दर्शक शोधत आले होते. मुलाच्या चेहऱ्यात ज्याला खरंच काही दिसतं, तो फी मागत नाही.

आणि दिग्दर्शकांनाही एक सांगणं. दुष्काळ दाखवायचा म्हटलं की मराठवाड्यात येता, भेगाळलेली जमीन टिपता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तर कॅमेऱ्यांची जत्राच भरली होती. ती गाडी बघायला रुळाशेजारी घागरी घेऊन उभी असलेली पोरं आता वीस-पंचवीसची झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी लेकरं ढिगाऱ्याखालून निघाली, ती आज चाळिशीला आली. त्यांच्या लहानपणात सिनेमे आहेत. पुढच्या वेळी जमिनीच्या भेगांबरोबर शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही एक चक्कर मारा. सरांना म्हणा, स्पर्धेत पहिली आलेली नको, मागच्या बाकावरची दाखवा.

पालकांना एवढंच सांगतो. उद्या कुणी दारात येऊन म्हणालं, 'तुमच्या लेकराला सिनेमात घेतो', तर हरखून जा, जरूर जा, पण चहा ठेवायच्या आधी चार गोष्टी विचारा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढली का? दिवसाचे तास किती? सेटवर त्याच्याजवळ कोण थांबणार? ठेव कोणत्या बँकेत, कोणाच्या नावानं? आणि पाहुणा गेल्यावर पाचवा प्रश्न लेकरालाच विचारा, की तुला करायचंय का. नको म्हणालं तर तो विषय तिथंच संपवा.